जिभेची साक्ष

मनुष्य असत्य बोलतो ते भीतीने किंवा लोभाने, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. परंतु कोणाचा काडीचाही लाभ नसताना आणि कोणी धाक घातलेला नसतानाही, केवळ चारचौघांत शोभून दिसावे एवढ्यासाठी तो जे असत्य बोलतो, त्याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. ‘वा, फारच सुंदर!’ हे या जातीच्या असत्याचे सर्वांत रूढ रूप होय. चित्रापुढे उभे राहून, गवयाच्या समेवर मान डोलावून, नव्या कवीच्या वाचनानंतर टाळ्या वाजवून आणि विशेषतः यजमानाच्या घरी पानावर बसून आपण हे वाक्य इतक्या वेळा उच्चारतो की, आपल्याला खरोखर काय वाटले हे स्वतःला विचारण्याची सवयच हळूहळू सुटत जाते. ही सवय सुटण्यात काही नैतिक हानी आहे काय, आणि असल्यास ती कोणती, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. त्याचा विचार मी अशा एका पदार्थाच्या आधाराने करणार आहे की, ज्याचे नाव निघताच कित्येक वाचकांच्या कपाळावर आठी पडेल. तो पदार्थ म्हणजे द्राक्षांची वाईन. आठीस माझी हरकत नाही. तिचाही विचार पुढे यथास्थित व्हावयाचा आहे.

प्रसंग घडला तो नागपुरात, धरमपेठेतील एका स्नेह्यांच्या घरी, डिसेंबर महिन्यातल्या एका रात्री. गृहस्थ सेवानिवृत्त अभियंते. चिरंजीव परदेशी नोकरीस असून नुकतेच सुटीवर आलेले. येताना त्यांनी फ्रान्सच्या एका नामांकित प्रदेशातील तांबड्या वाईनची बाटली आणली होती. तिची किंमत कोणी सांगितली नाही, परंतु ती सर्वांना ठाऊक होती. अशा गोष्टी न सांगता कळविण्याची एक कला असते. आम्ही आठ पाहुणे होतो. बूच निघाले, काचेच्या पेल्यांतून दोन दोन बोटे वाईन ओतली गेली, आणि प्रत्येकाने घोट घेऊन आपापल्या मगदुराप्रमाणे स्तुती केली. एकाने तिला ‘भारदस्त’ म्हटले, दुसऱ्याने ‘मुरलेली’ म्हटले. मी स्वतः ‘हिच्यात पहिल्या पावसाच्या मातीचा गंध आहे’ असे काहीसे बोललो, आणि त्या वाक्याबद्दल मला मनातून बरेही वाटले. वस्तुतः पहिल्या घोटाबरोबर माझ्या नाकाला ओल धरलेल्या कपाटाचा वास आला होता. परंतु एवढ्या किमतीच्या वस्तूला असा वास येणे शक्य नाही, तेव्हा दोष माझ्याच नाकाचा असला पाहिजे, असा निवाडा मी क्षणार्धात करून टाकला.

यजमानांच्या आत्याबाई जवळच बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. जन्मात मद्याचा थेंब तोंडी घातलेला नाही. ही मंडळी एवढे काय वाखाणताहेत ते पाहावे, म्हणून त्यांनी भाच्याच्या हातातील पेला घेतला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडे केले. “अरे बाळ, हा कायचा वास येऊन राहिला? आषाढात भिजलेल्या रद्दीसारखा!” सगळे हसले. मीही हसलो. थोड्या वेळाने चिरंजीवांचे एक मित्र आले. ते नाशिककडे एका वाईनच्या कारखान्यात कामाला होते. त्यांनी पेला नुसता हुंगला आणि खाली ठेवला. “आजी बरोबर बोलल्या. ही बाटली बिघडलेली आहे. बुचाचा दोष आहे.”

त्यांनी मग समजावून सांगितले ते असे. बाटलीचे बूच एका जातीच्या ओक वृक्षाच्या सालीचे असते. त्या सालीत काही बुरशींच्या क्रियेने एक क्लोरिनयुक्त द्रव्य क्वचित उत्पन्न होते, आणि ते एका लिटरमध्ये ग्रॅमचे काही अब्जांश एवढे जरी उतरले तरी वाईनला ओल्या पुठ्ठ्याची, कुबट वर्तमानपत्राची घाण येऊ लागते. शरीरास ते अपाय करीत नाही. फळाचा सुगंध मात्र मारून टाकते. बाटली कितीही मोलाची असो, हा दोष तिला चुकत नाही.

त्या रात्री घरी परतताना मला जी लाज वाटली ती अज्ञानाची असती तर मी ती सहज विसरलो असतो. वाईनविषयी मला फारसे कळत नाही, आणि ते कळावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. परंतु तो वास मला आला होता. नाकाने आपले काम चोख बजावले होते. मीच त्याची साक्ष दाबून ठेवली आणि तिच्या जागी एक गोंडस वाक्य उभे केले. ज्यांच्या पोटात थेंब गेला नाही त्या आत्याबाई खरे बोलल्या, आणि आम्ही आठ सुशिक्षित माणसे खोटी ठरलो.

हे कसे झाले याचा विचार करू लागताच प्रथम ध्यानात येते ते हे की, आमच्या वर्गाचा या पदार्थाशी असलेला संबंध मुळातच भीतीचा आहे. राम गणेश गडकरी यांनी १९१९ साली नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे देह ठेवला. त्याच वर्षी त्यांचा ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आला, आणि सुधाकर व सिंधू यांच्या कथेने मराठी मध्यमवर्गाच्या मनात पेल्याविषयी जे भय उत्पन्न केले ते कित्येक पिढ्या टिकले. ते भय निराधार होते असे कोणी म्हणणार नाही. नागपूरच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात आजही दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. आणि त्यामागे उद्ध्वस्त संसारांचा अनुभव आहे. परंतु दरम्यान नाशिकच्या द्राक्षमळ्यांतून निराळेच वारे वाहू लागले. शेतकरी ज्यांना खरड छाटणी आणि गोडी छाटणी म्हणतात त्या दोन छाटण्यांच्या तालावर वाढणाऱ्या वेलींपैकी काहींचा रस पिंपात जाऊ लागला. २००१ साली राज्य सरकारने या उद्योगास उत्तेजन देणारे धोरण जाहीर केले. आणि पाहता पाहता वाईनची बाटली सुशिक्षित घरांतून भेटवस्तू म्हणून फिरू लागली. भय मात्र गेले नाही; त्याने केवळ रूप पालटले. आमच्या आजोबांना प्याल्याची भीती वाटे. आम्हांला प्याल्याविषयीचे आपले अज्ञान उघडे पडेल याची वाटते. पहिल्या भीतीने निदान संसार तरी वाचत असत. दुसरीने काय वाचते हे मला सांगता येत नाही.

हीच आम्ही माणसे संत्र्यांच्या ढिगापुढे उभी राहिली म्हणजे किती निराळी असतात! नागपूरच्या गृहिणीला संत्रे कसे निवडावे हे कोणी शिकवावे लागत नाही. ती फळ हातात घेऊन त्याचे वजन अजमावते, सालीचा पोकळपणा अंगठ्याने चाचपते, आणि एवढ्याने समाधान झाले नाही तर विक्रेत्यास सरळ सांगते की, एक फोड चाखायला दे. केवळ रंगावर ती भुलत नाही, आणि तेच योग्य आहे. आंबिया बहाराची फळे पावसाळा सरल्यावर तयार होतात तेव्हा रात्री पुरेशा थंड झालेल्या नसतात. त्यामुळे आत रस भरला असूनही साल हिरवट राहू शकते. सालीला नारिंगी रंग येण्यास थंडी लागते. म्हणूनच व्यापारी अशा फळांना इथिलीन वायू देऊन बाहेरून पिवळे करतात. दूरच्या शहरातील गिऱ्हाईक तो रंग विकत घेते. नागपूरची बाई फोड चाखते. फळ आंबट निघाल्यास ‘आंबट आहे’ असे म्हणावयास तिला कोणाचीही भीड वाटत नाही. आता संत्र्याच्या बाबतीत जी जीभ एवढी निर्भय असते, ती काचेच्या पेल्यापुढे एकाएकी मुकी का व्हावी? जीभ तर बदललेली नाही. बदलली आहे ती आपल्याला पाहणाऱ्या डोळ्यांविषयीची आपली कल्पना.

या मुकेपणाचे दुसरे कारण नियमांचा दरारा हे आहे. वाईन कशी वाढावी याविषयी अनेक नियम छापलेले आढळतात, आणि ते पाळले नाहीत तर आपण गावंढळ ठरू असे पुष्कळांना वाटते. तांबडी वाईन खोलीच्या उष्णतामानाला द्यावी, हा त्यांतील एक प्रसिद्ध नियम. परंतु हा नियम ज्या खोल्यांत जन्मला त्या खोल्या युरोपातील जुन्या दगडी घरांच्या होत्या; तेथे उष्णतामान सोळा ते अठरा अंशांच्या आसपास असे. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढतो. येथील खोलीच्या उष्णतामानाला दिलेली तांबडी वाईन म्हणजे औषधी काढाच. ज्याने नियम न वाचता नुसता घोट घेतला असेल तो ‘ही जरा गार करा’ असेच म्हणेल, आणि नियमाचा मूळ हेतू त्यालाच कळला असे होईल. तीच गोष्ट पदार्थांच्या मेळाची. मांसाबरोबर तांबडी आणि माशांबरोबर पांढरी, हा पाठ फ्रेंच स्वयंपाकघरासाठी ठीक आहे. सावजी रश्शाच्या तिखटापुढे मात्र तांबड्या वाईनचा तुरटपणा आणि तिच्यातील मद्यार्क तोंडाची आग अधिकच भडकवतात. किंचित गोडसर, थंडगार पांढरी तेथे अधिक सुखाची वाटते. हे कोणत्याही पुस्तकाशिवाय कोणाच्याही जिभेस समजण्याजोगे आहे, फक्त तिला विचारले पाहिजे.

आता येथे एक गंभीर आक्षेप निघतो. कोणी म्हणेल की, प्रत्येकाने आपल्या जिभेवर विसंबावे असे ठरले तर चांगले व वाईट हा भेदच उरणार नाही. ज्याला जे रुचेल ते त्याला उत्तम. मग वादच खुंटला. कालिदासानेही लोकांच्या भिन्नरुचीचा उल्लेख केलाच आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नेमके वाईनचेच उदाहरण घेतले आहे. कॅनरी बेटांची वाईन सुखद आहे असे कोणी म्हटले आणि दुसऱ्याने त्याला ‘मला सुखद आहे असे म्हण’ अशी दुरुस्ती सुचविली, तर तो ती आनंदाने मान्य करील. सौंदर्याविषयी मात्र मनुष्य असे बोलत नाही, तेथे तो इतरांच्याही संमतीची अपेक्षा करतो, असा कांटचा अभिप्राय आहे. म्हणजे त्याच्या मते जिभेचा निर्णय हा ज्याचा त्याच्यापुरताच.

याच्या उलट बाजूस इंग्रजी भाषेत लिहिणारा स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूम उभा आहे. रसिकतेच्या मानदंडाविषयी त्याने १७५७ साली लिहिलेल्या निबंधात सर्व्हांटिसच्या ‘डॉन किहोते’मधील एक गोष्ट घेतली आहे. सांचोचे दोन नातलग वाईनचे नावाजलेले पारखी होते. त्यांच्यापुढे एका पिंपातील वाईन ठेवण्यात आली. मूळ कथेत एकाने ती जिभेच्या टोकाने चाखली, दुसऱ्याने नुसती नाकाशी नेली. एक म्हणाला, हिला लोखंडाची चव आहे. दुसरा म्हणाला, चामड्याची. पिंप स्वच्छ आहे, असे मालक सांगत होता. पुढे वाईन संपली आणि पिंप साफ करताना तळाशी चामड्याच्या वादीत ओवलेली एक लहानशी किल्ली सापडली. आत्याबाईंची आठवण होऊन ही गोष्ट मला आता निराळ्याच रीतीने पटते. रुची ही पूर्णपणे ज्याच्या त्याच्यापुरती असती तर पिंपाच्या तळाशी किल्ली निघाली नसती, आणि बाटलीचे बूचही बिघडलेले ठरले नसते. जिभेला आणि नाकाला जे जाणवते त्यांतील काही भाग तरी वस्तूत असतो. म्हणून मी रुचीला साक्षीदार मानतो. साक्षीदाराचे काम आपण जे पाहिले तेवढे सांगावयाचे. निकाल पुष्कळ साक्षींवरून व्हावयाचा असतो. परंतु सर्वच साक्षीदार शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहून बोलू लागले, तर निकाल कसला व्हावयाचा? ते दोघे पारखी परस्परांचे ऐकून गप्प बसते, तर किल्ली वाईनमध्येच गंजत राहिली असती. आपली जाणीव प्रांजळपणे सांगणे हे म्हणूनच केवळ आपल्या सुखाचे काम नाही. इतरांचेही त्यात देणे लागते.

दुसरा आक्षेप याहूनही सूक्ष्म आहे. जीभ खरे बोलते, हे तरी कशावरून? कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात वीस माणसांना एकच वाईन दोन वेळा देण्यात आली. एकदा तिची किंमत दहा डॉलर सांगितली, एकदा नव्वद. नव्वदाची वाईन त्यांना अधिक आवडली, आणि मेंदूच्या ज्या भागात सुखाची जाणीव नोंदली जाते तेथेही त्या वेळी अधिक हालचाल दिसली. म्हणजे ही माणसे खोटे बोलत नव्हती. किमतीने त्यांचे सुखच वाढविले होते. हा शोध मोठा विनय शिकविणारा आहे. ज्याला आपण ‘माझी आवड’ म्हणतो तिच्यात माझे किती आणि बाजाराचे किती, हे मलाही नेहमी कळत नाही. परंतु यावरून आपल्या रुचीवर विश्वासच ठेवू नये असे ठरत नाही. ठरते ते एवढेच की, विश्वास ठेवण्यापूर्वी तिला एकांतात बोलू द्यावे. त्याच प्रयोगात पुढे किमती न सांगता त्याच वाईन दिल्या, तेव्हा आवडीतला तो फरक नाहीसा झाला.

साक्षीदाराला एकांतात विचारण्याची ही रीत काय करू शकते याचे उदाहरण १९७६ सालचे आहे. त्या वर्षी २४ मे रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर या इंग्रज व्यापाऱ्याने नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन नावे झाकून ठेवल्या. पांढऱ्यांत आणि तांबड्यांत, दोहोंतही पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या १९७३ सालच्या वाईनला मिळाला. परीक्षक आपल्या विषयात निष्णात होते. नावे दिसत असती तर त्यांनी असा निकाल दिला असता असे कोणासही वाटत नाही. त्यांच्या जिभा शहाण्या होत्याच. नाव झाकल्यामुळे त्यांना बोलण्याची मोकळीक मिळाली.

आपल्या परंपरेला हा विचार अपरिचित नाही. ‘मालविकाग्निमित्रा’च्या आरंभी कालिदासाचा सूत्रधार हेच सांगतो की, जुने तेवढे सगळे चांगले नसते आणि नवे म्हणून काव्य निंद्य ठरत नाही, शहाणे लोक पारखून घेतात, आणि मूढाची बुद्धी दुसऱ्याच्या विश्वासामागून चालते. भरतमुनींनी तर नाट्यशास्त्रात रस म्हणजे काय हे समजावून देताना भोजनाचाच दृष्टान्त घेतला आहे. नाना व्यंजनांनी सिद्ध केलेले अन्न खाताना सुमनस पुरुष त्यातील रसांचा आस्वाद घेतात, तसाच प्रेक्षक भावांचा घेतो. यातील ‘सुमनस’ हा शब्द मला मोलाचा वाटतो. आस्वादासाठी मन चांगले, प्रसन्न, मोकळे असावे लागते. ज्याचे मन बाटलीवरच्या चिठ्ठीत, यजमानाच्या चेहऱ्यात आणि स्वतःच्या पुढच्या वाक्यात गुंतलेले आहे, त्याच्यापुढे अमृत ठेवले तरी त्याला त्याची चव कळणार नाही. आणि असे मोकळे मन अभ्यासाने येते. तेही एका दिवसात येत नाही. आपल्या रुचीवर विश्वास टाकावा, याचा अर्थ आज आपल्याला जे आवडते तेथेच कायमचे बसून राहावे असा नाही. आज जे आवडले ते खरेपणाने म्हणावे, म्हणजे उद्या ते बदलले तर तेही आपल्याला कळेल. जो मनुष्य नेहमीच दुसऱ्याची स्तुती उसनी घेतो, त्याची रुची सुधारण्यास आरंभच सापडत नाही.

राहिला प्रश्न वाढण्याचा. निवडताना मनुष्य स्वतःशीच बांधलेला असतो, वाढताना पाहुण्याशीही. आपल्याला जे खरोखर आवडले तेच पाहुण्यापुढे ठेवावे. महागाच्या वस्तूने त्याला दिपवू पाहणे म्हणजे त्याच्या जिभेऐवजी त्याच्या मत्सराला जेवावयास बोलावणे होय. परंतु एकदा पेला त्याच्या हातात गेला म्हणजे यजमानाचा अधिकार तेथे संपतो. ‘मला नाही आवडली’ असे म्हणण्याची सोय ज्या घरात नाही, तेथील आतिथ्यात काही उणे आहे. आणि ज्याला मुळीच नको आहे त्याच्या नकाराला तर कोणतेही कारण मागू नये. आरंभी उल्लेखिलेल्या आठीचा विचार येथे येतो. जो मनुष्य तत्त्वाने, आरोग्याने, किंवा घरात भोगलेल्या दुःखाच्या स्मरणाने पेला नाकारतो, तो आपल्या अंतःकरणाची साक्ष देतो. आणि जो केवळ मागासलेला दिसू नये म्हणून तो घेतो, तो तिच्याशी प्रतारणा करतो. ज्या तत्त्वावर मी वाईन पिणाऱ्याला प्रांजळपणा मागतो, त्याच तत्त्वावर न पिणाऱ्याच्या नकारापुढे मला मान लववावी लागते.

पुढच्या वर्षी त्याच घरी पुन्हा जेवणाचा योग आला. या वेळी नाशिकच्या दोन साध्या बाटल्या होत्या. त्यांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून यजमानांनी त्या बर्फाच्या भांड्यात ठेवल्या होत्या. आत्याबाईंच्या पुढे संत्र्याचा रस होता. मी पहिल्या बाटलीचा घोट घेतला, थोडा वेळ थांबलो, आणि म्हणालो, “ही मला फारशी आवडली नाही.” क्षणभर टेबलाभोवती शांतता झाली. मग यजमान म्हणाले, “खरं सांगू? मलाही नाही.” दुसरी बाटली पुढे आली. आत्याबाईंनी तीही हुंगून पाहिली, काही न बोलता आपला रस पुढे ओढला, आणि मला विचारले, “संत्री यंदा जरा आंबटच आहेत, नाही का?” मी एक घोट घेतला. त्यांचे म्हणणे खरे होते, आणि मी तसे सांगितले.